पाखरांच्या वाटेला

पक्ष्यांशी माझे काही वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर लेख वाचून झाल्यावर कोणीतरी म्हणणारच, "या गृहस्थाच्या डोक्यावर लहानपणी कावळा बसला असेल." बसला होता, पण राग त्याचा नाही. माझी तक्रार आहे ती पक्षी पाहणाऱ्यांविषयी. त्यांतही जे एकेकटे, गावातल्या गावात, गुपचूप पाहतात त्यांना सोडा. ती साधू माणसे. जे घोळक्याने जातात, लांब जातात आणि वही घेऊन जातात, त्यांच्याविरुद्ध मी आज उभा आहे. अशा घोळक्यातून मी स्वतः समुद्रावर जाऊन, नखशिखान्त भिजून आणि पुढे आठवडाभर शिंकून आलेलो आहे. तेव्हा ऐकीव माहितीवर लिहितो, असा आरोप कोणी करू नये.

त्याचे असे झाले. महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. मधले दिवस पक्ष्यांचे. कल्पना उत्तम आहे, तिला माझी हरकत नाही. पण आपल्याकडे सप्ताह आला की कार्यक्रम येतो, कार्यक्रम आला की समिती येते, समिती आली की बॅनर येतो आणि बॅनरवर सगळ्यांचे चेहरे मावेनासे झाले की सहल निघते. आमच्या गावात एक निसर्गप्रेमी मंडळ आहे. मी वर्गणी भरून त्याचा सभासद झालो, कारण वर्गणी मागायला आलेला मनुष्य आमच्या बँकेचा ठेवीदार होता. या मंडळाने ठरवले, की यंदा समुद्रपक्षी पाहायचे. दुसरा शनिवार बँकेला सुट्टीच, रविवार देवाने दिलेला, सोमवारची एक किरकोळ रजा. वाशिम ते अलिबाग. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर.

आता वाशिमच्या माणसाला समुद्राची ओढ असते, हे मी नाकारत नाही. आम्हां वऱ्हाडी लोकांच्या दृष्टीने समुद्र म्हणजे सांडवा नसलेले धरण. एवढे पाणी आणि पाळीपाळीने सोडत नाहीत, म्हणजे काय! पण ओढ समुद्राची होती तर सरळ समुद्र पाहायला जावे. पक्ष्यांचे नाव कशाला पुढे करायचे?

निघण्याच्या आदल्या दिवशी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली. आमच्यातल्या एका शहाण्याने सुचवले, सहल पुढे ढकलू. त्यावर आमचे म्होरके, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, त्यांचे डोळे लखलखले. सर निवृत्त शिक्षक. दुर्बीण गळ्यातून काढतात की नाही याविषयी मंडळात दोन मते आहेत. सर म्हणाले, "अहो, हे तर भाग्य समजा! वादळ झालं की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात. एरवी बोट करून गेलात तरी दिसायचे नाहीत."

ही गोष्ट खरी आहे. काही समुद्रपक्षी असे असतात, की अंडी घालण्यापुरताच त्यांचा जमिनीशी संबंध. बाकी आयुष्य पाण्यावर. वादळात सापडले की उपाशी, थकलेले असे ते किनाऱ्याला लागतात. पक्षीमित्रांच्या वहीत तो दिवस सोन्याचा. म्हणजे एखाद्याची गाडी आपल्या दारात उलटावी आणि आपण म्हणावे, वा, काय दुर्मीळ मॉडेल पाहायला मिळाले! पण त्या वेळी मला हे सुचले नाही. मी फक्त छत्री घेतली.

सतरा सीटांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही अठरा जण बसलो. रात्रभर अंताक्षरी झाली. पहाटे घाट उतरताना जो पाऊस लागला, तो आम्ही परत घाट चढेपर्यंत काही हटला नाही. अलिबागच्या पुढे अक्षी म्हणून गाव आहे. सुरूचे बन, लांबच लांब वाळू, आणि पक्षी पाहणाऱ्यांत फार नावाजलेला किनारा. याच अक्षीत शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख सापडला. मराठीतला सर्वांत जुना म्हणून अनेक अभ्यासक त्याचे नाव घेतात. मी म्हटले, जाता जाता तो तरी पाहू. सरांनी माझ्याकडे असे पाहिले, की त्या शिळेला पिसे नाहीत याची मलाच लाज वाटली.

किनाऱ्यावर पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता. छत्र्या पहिल्या पाच मिनिटांत उलट्या होऊन कमळासारख्या उमलल्या. दुर्बिणींच्या काचांवर वाफ धरली. आमच्यातल्या एकाकडे पक्ष्यांचे चित्रमय पुस्तक होते, ते इतके भिजले की पाने एकमेकांना चिकटली आणि उघडताना घुबडाच्या पायावर बगळ्याची मान आली. तरी चर्चा थांबली नाही. सातभाई नावाचे पक्षी तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, सहासात जण मिळून कुंपणाखाली एकाच वेळी बोलत असतात आणि कोणीच कोणाचे ऐकत नाही. त्या दिवशी अक्षीच्या वाळूवर अठराभाई होते. "तो पाहा!" "कुठे?" "त्या होडीच्या डावीकडे!" "कोणत्या होडीच्या?" "अहो, जी दिसत नाहीये तिच्या!" जो काही पक्षी तिथे असेल, तो आमच्या पहिल्या 'तो पाहा'लाच रेवदंड्याकडे निघून गेला असणार.

मग तो सापडला.

भरतीच्या रेषेवर, शेवाळ आणि चपलांच्या ढिगात, एक काळपट पाठीचा, टोकदार पंखांचा पक्षी बसला होता. बसला कसला, पडला होता. मान सावरत नव्हती. पंख अर्धवट उघडे. क्षणभर सगळे गप्प झाले आणि पुढच्या क्षणी धावले. सर म्हणाले, "सुरय! खोल समुद्रातला!" दुसरे म्हणाले, "कुरव." वाद पेटला. तो मिटवायला पंखाखालचा रंग दिसणे आवश्यक होते. म्हणून एकाने वाळूत झोपून हातभर लांब लेन्स रोखली, दुसरा त्याच्या मागे गेला म्हणजे पक्षी पुढे सरकेल, आणि तिसऱ्याने तो उडावा म्हणून हलकेच टाळी वाजवली. टाळी वाजवणारा मी होतो. पक्षी उडाला नाही. लंगडत हातभर सरकला आणि पुन्हा बसला. टाळीचा उपयोग झाला, सगळ्यांना पंखाखालचा रंग दिसला. लोकांनी माझे आभार मानले.

इतक्यात मागून आवाज आला, "काय चाललंय रं त्या पाखराचं?" डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण मावशी उभी होती. पावसाचा तिला पत्ताच नव्हता. सरांनी तिला समजावले, की मावशी, हा फार दुर्मीळ पक्षी आहे. मावशी म्हणाली, "असंल. त्याला दम तरी खाऊं द्या! तुमी दमल्यावर कोनी असं भवती उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजीवल्या तं चालंल का?" आणि तिने पुढे होऊन डोक्यावरची पाटी वाऱ्याच्या बाजूने त्या पक्ष्याच्या आड लावली, तिला एका धोंड्याने टेकू दिला आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. अठरा सुशिक्षित माणसे, त्यांत दोन एम.एस्सी., वाळूत बोटांनी रेघा ओढीत मागे सरली.

परतताना गाडीत सर म्हणाले, "या लोकांत अजून जागृती व्हायला हवी." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दुपारी एका खाडीच्या काठी गाडी थांबवली. तिथे लांब लाल पायांचा, काठीवर चालल्यासारखा चालणारा पक्षी दिसला. पुन्हा 'तो पाहा, तो पाहा' सुरू झाले. आमचा ड्रायव्हर आमच्याच गावचा. तो बिडी विझवून म्हणाला, "साहेब, हा शेकाट्या हाय. हा तं आपल्या एकबुर्जीच्या धरणावर रोज पाह्यतो मी. याच्यापायी काहून एवढं डिझेल जाळलं बाप्पा?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. एकबुर्जी म्हणजे ज्या धरणाचे पाणी वाशिमचे लोक पितात ते. गावापासून हाकेच्या अंतरावर. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, बदके येतात, 'वारकरी' नावाचे काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी येतात. वारकऱ्याची वारी आमच्या दाराशी येऊन थांबते, आणि आम्ही शेकाट्या पाहायला अलिबागला गेलो होतो.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी टॉवेल दिला आणि विचारले, "काय काय दिसलं?" मी ओली यादी वाचून दाखवली. एकूण २७ पक्षी. ती ऐकत ऐकत म्हणत गेली, "हा आपल्या गल्लीत आहे. हा आईकडच्या विहिरीवर. हा समोरच्या पिंपळावर, रोज सकाळी तुम्हीच त्याला शिव्या घालता." अशा रीतीने २१ पक्षी वजा झाले. राहिले सहा: दोन जातींचे कुरव, पाटीखालचा सुरय, ब्राह्मणी घार, समुद्री बगळा आणि कालवफोड्या. खर्च माणशी साडेचार हजार, म्हणजे साडेसातशे रुपये नग. त्यांतला कालवफोड्या एकट्या सरांनी पाहिला होता, तोही पाठमोरा. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. कालवफोड्या तिकडे टाकल्यावर दर नऊशेवर गेला.

आता मंडळी मला अडवतील. म्हणतील, यादीला हसू नका. याद्यांतूनच शास्त्राला कळते, की कोणता पक्षी घटला आणि कोणता वाढला. मान्य, शंभर वेळा मान्य. पण मी बी.कॉम. झालेला मनुष्य आहे. एका जमापावतीवरून खातेदाराची स्थिती कळत नाही. महिन्यामागून महिना त्याच पासबुकात नोंदी पडल्या, की मग कळते, हा मनुष्य वर चालला आहे की बुडतो आहे. एकबुर्जीवर दर रविवारी एकाने जाऊन मोजले तर ते पासबुक झाले. सहाशे किलोमीटरवरची एक भिजकी यादी ही जमापावती. तीसुद्धा दुसऱ्याच्या शाखेतली. दुसरे म्हणतील, सहलींनी गोडी लागते. लागते, पण सहलीची. आमच्या मंडळात सहलीला अठरा येतात आणि धरणावरचे प्लास्टिक उचलायला तीन, त्यांतला एक चुकून आलेला असतो.

आणि ज्या सालिम अलींच्या नावाने हे सगळे चालते, त्यांचेच उदाहरण घ्या. अक्षीपासून ते फार दूर नाही. अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. १९३० साली सालिम अलींना नोकरी नव्हती आणि ते किहीमला येऊन राहिले होते. तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते महिनोन् महिने तेवढ्याच खोप्यांकडे पाहत बसले. यादीत पक्षी किती? एक. आणि त्या एकात काय सापडले? खोपा बांधते ती सुगरण नव्हेच, बांधतो तो तिचा नवरा! तो अर्धा खोपा विणून लोंबकळत ओरडत बसतो, मादी येऊन घर तपासते, पसंत पडले तर राहते; मग हा उरलेले काम पुरे करतो आणि शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरे घर बांधायला घेतो. शतकानुशतके आपण ज्या पाखराच्या गृहिणीपणाचे गोडवे गायले, तो निघाला बिल्डर! हे कळायला बोट लागली नाही, लेन्स लागली नाही. एक मनुष्य, एक जागा आणि भरपूर पाऊस लागला. सुगरण तर आमच्याकडे विहिरीवरच्या प्रत्येक बाभळीला आहे. निदान होती. विहिरी बुजल्या, बाभळी तुटल्या, हे कोणत्या वहीत लिहिले आहे?

आता मुख्य गोष्ट. खराब हवेतच पक्षी पाहायचा हट्ट असेल, तर असा एक पक्षी आमच्या वाशिम-अकोल्याच्या गवताळ माळांवर पाऊस घेऊनच येतो. त्याचे नाव तणमोर. अंगाने कोंबडीएवढा. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, कानामागे शेंडीसारखी वळलेली पिसे येतात, आणि मग तो गवतातून सरळ वर उडी मारतो, माणसाच्या डोक्याएवढा वर जाऊन पुन्हा गवतात गडप. मादीने पाहावे म्हणून दिवसाकाठी शेकडो उड्या. जगात तो एवढा थोडा उरला आहे, की जागतिक यादीत त्याची नोंद 'नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर' या रकान्यात आहे. समुद्रावरचा सुरय वादळ संपले की परत समुद्रावर जाईल. तणमोराला गवत संपले की जायला जागा नाही.

आणि गवत कोण संपवतो? इथे माझा आवाज जरा खाली येतो. काही वर्षे मी कर्जविभागात होतो. फाईल यायची: 'जमीन पडीक, सपाटीकरण करून लागवडीखाली आणणे.' गवताच्या माळाला आपल्या कागदात दुसरा शब्दच नाही, एक तर पीक नाही तर पडीक. मी आकडे ताळ्यात आहेत ना पाहायचो आणि कोपऱ्यात सही ठोकायचो. शेतकऱ्याचे चुकले असे मी कसे म्हणू? त्याला पोट आहे. पण त्या सगळ्या फाईलींत 'पडीक' या शब्दाखाली कोण राहत होते, हे विचारायला कागदावर रकाना नव्हता, आणि मीही कधी समासात प्रश्नचिन्ह काढले नाही. अक्षीला टाळी वाजवण्याआधी मी इथे अशा किती टाळ्या वाजवल्या, त्याचा हिशेब आता लागणार नाही.

तो हिशेब ठेवला आहे भलत्याच लोकांनी. कारंजा लाडची 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर तणमोर आणि त्याचे माळ राखण्याचे काम करते. फासेपारधी म्हणजे ज्यांच्यावर इंग्रजांनी गुन्हेगार जमात असा शिक्का मारला. कायद्यातला शिक्का १९५२ साली पुसला, लोकांच्या नजरेतला अजून पुरता पुसलेला नाही. पिढ्यान् पिढ्या फासे लावून पाखरे धरणारी ही माणसे. तणमोर कुठे बसतो, कधी बोलतो, हे त्यांच्याइतके कोणत्याही एम.एस्सी.ला ठाऊक नाही. आज त्यांतली काही माणसे गवत राखतात. त्यांच्यात जागृती व्हायला हवी असे सरांना वाटते की काय, मी विचारले नाही.

गेल्या ऑगस्टात एका रविवारी मी त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांना गाठले. म्हटले, "बाबा, मला तणमोर पाहायचाय." त्यांनी माझ्या छत्रीकडे, बुटांकडे आणि पोटाकडे पाहिले. म्हणाले, "किती जन हा?" म्हटले, "एकटाच." "मंग ये. पन गवतात पाय नाई टाकायचा. बांधावर बसायचं. दिसला तं दिसला, नाई तं मुकाट्यानं वापस जायचं."

तीन तास बांधावर बसलो. पाऊस सरळ पडत होता, वऱ्हाडी पाऊस. पावश्या कुठेतरी ओरडत होता. गवत एवढे हलत होते, की डोळ्यांपुढे सारखे काहीतरी उडाल्याचा भास व्हावा. बाबा बिडी न ओढता बसले होते, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले. एकदा, फक्त एकदा, दूर गवतावर काहीतरी काळे-पांढरे वर आले आणि गेले. मी बाबांकडे पाहिले. बाबा माझ्याकडे पाहत होते, तिकडे नाही. तो तणमोर होता, की वाऱ्याने उडालेली खताची पिशवी, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तीही नोंद मी सस्पेन्स खात्यातच ठेवली आहे. दर पावसाळ्यात उघडून पाहतो.

ही हकिकत मी मूर्खपणाने बँकेतल्या एका सहकाऱ्याला सांगितली. संध्याकाळी सरांचा फोन. आवाजात तेच लखलखणे. "अहो, तणमोर! आणि तुम्ही बोलला नाहीत? येत्या दुसऱ्या शनिवारी दोन गाड्या काढू. पुण्याचे काही मोठे फोटोग्राफरही येतो म्हणताहेत. नेमका कोणता माळ ते तेवढं सांगा."

मी म्हटले, "सर, पावसाने लाइनवर खरखर फार आहे."

"गावाचं नाव सांगा, गावाचं!"

"हॅलो? हॅलो?" मी म्हणालो, आणि फोन ठेवून दिला. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते.